सरकारी नाकाचं शून्य

द्वारकाने बरणी उचलली. बरणी हलकी लागली.

दोन लिटरची काचेची बरणी. मागच्या वर्षी याच चैत्रात ती गळ्यापर्यंत भरायची. आज यंत्राने धार फिरवली तेव्हा तळाला जेमतेम चार बोटं जमलं होतं. दिसायला पाणी, पण काडी लावली तर भपकन पेट घेईल असं. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस तापला की सगळ्यांत आधी हे येतं, डोळ्यांत झोंबणारं, नाकात शिरलं की कपाळ धरायला लावणारं. ते या बरणीत पडू द्यायचं आणि बाजूला काढायचं. मागाहून धार निवळली की यंत्र स्वतःच नळी फिरवतं आणि पुढची दारू टाकीत जाते. टाकीला सरकारी कुलूप, आणि किल्ली निरीक्षकांकडे.

तीस वर्षं तिने भट्टीपुढे काढली होती. चार बोटांत निवळलेली धार तिने एकदाही पाहिली नव्हती.

चाखणीचा म्हणून एक बारीक नळ नियमात बसत होता. परवानाधारकाने दर घाण्याला पेलाभर दारू रंग-रूप बघायला घ्यावी, एवढी मुभा होती. द्वारकाने त्यातले चार थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात चोळले आणि ओंजळ नाकाशी नेली. चांगली दारू उडून गेल्यावर हाताला पिकल्या बोंडाचा गोड वास राहतो. आज नखपॉलिशची बाटली उघडल्यासारखा भपकारा आला. तिने पुन्हा चोळले, पुन्हा हुंगले. तोच वास.

भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. एक वाजता निरीक्षक करुणा गावित येणार, टाकीचं कुलूप उघडणार आणि काचेपलीकडच्या खानावळीत पस्तीस माणसांच्या पुढ्यात ही दारू जाणार. परवान्याचं दुसरं वर्ष, नूतनीकरणाचा दिवस. पस्तिसांत अकरा जण आजूबाजूच्या गावांतले, स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करून बसलेले, बायकांसकट जेवायला येणार होते. आरोलकरांचं आज नीट पार पडलं की त्यांचे कागद पुढे सरकणार, असं बाईंनीच सांगितलं होतं.

आता हा परवाना आरोलकरांच्या घरात कसा आला, ते सांगायलाच हवं.

माडावर चढायचं आणि भट्टी लावायची, हे आरोलकरांचं पिढ्यांचं काम. पण द्वारका लग्न होऊन वेंगुर्ल्याच्या बाजूला आली तेव्हा ते रानात, पोलिसांची चाहूल घेत करायचं काम होऊन बसलं होतं. सासरे तातू आरोलकर यांनी सुनेचं नाक पहिल्या वर्षीच ओळखलं. तिचा नवरा गुरुनाथ लाकडं बघायचा आणि धार सून बघायची. मग एके वर्षी शेजारच्या गावात विषारी दारू पिऊन सहा माणसं गेली आणि दोघांची दृष्टी गेली. दारू कुणाची ते कळलं नाही, पण आरोलकर भट्टी लावतात हे सगळ्यांना ठाऊक. गुरुनाथला उचलला. आठ महिन्यांनी सुटला तेव्हा निर्दोष होता आणि खोकत होता. दीड वर्षात गेला बिचारा. शेवटपर्यंत एकच म्हणायचा, "माजी धार साफ होती."

त्यानंतर काही वर्षांनी नवे नियम आले. खानावळीला लागून छोटी भट्टी चालवता येईल; मध्ये काचेची भिंत हवी, दारं वेगळी हवीत, बनेल ती दारू तिथंच वाढायची. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, धार कधी साफ झाली हे माणसाने ठरवायचं नाही. ते यंत्र ठरवेल. माणसाच्या नाकावर सरकारचा विश्वास नव्हता, आणि खोटं कशाला बोला, माणसांनी तो कमावलाही नव्हता.

त्या यंत्राला कागदोपत्री लांबलचक नाव होतं. परवान्याच्या आधी अकरा दिवसांचं सक्तीचं शिक्षण झालं, तिथंच सगळे त्याला 'नाक' म्हणायला लागले. होतंही ते नाकच. डब्याएवढ्या पेटीत केसाहून बारीक अशा चौसष्ट पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर वेगळ्या प्रथिनाचा लेप. एखादा वास त्या लेपाला चिकटला की पट्टीतून जाणारी वीज इवलीशी बदलते. कुठल्या पट्ट्या किती बदलल्या यावरून यंत्र सांगतं की वाफेत काय किती आहे. पिण्याचं अल्कोहोल किती, झोंबणारी द्रव्यं किती, आणि ज्याने डोळे जातात ते मिथेनॉल किती. वाफ थेट हुंगली तर पट्ट्या भाजून निघतील, म्हणून यंत्र ती खोलीतल्या हवेत मिसळून पातळ करतं आणि मग हुंगतं. खोलीतली साधी हवा म्हणजे त्याचं शून्य. त्याच्याशी ताडून ते सगळं मोजतं.

यंत्र बसवायला आलेल्या इंजिनिअर मुलीने द्वारकाला हे दोनदा समजावलं होतं. "मावशी, पट्ट्या हळूहळू जुन्या होतात. म्हणून हे रोज सकाळी सात वाजता भट्टी पेटायच्या आधी हवा ओढतं आणि आपलं शून्य नव्याने ठरवतं. रोज थोडासा फरक पडला तर ते समजतं की आपणच म्हातारे होतोय, आणि स्वतःला सावरून घेतं. फक्त एक करा, सकाळची हवा स्वच्छ ठेवा."

नियमातही ते होतंच. यंत्राच्या दहा फुटांत काही ओतायचं नाही, शिजवायचं नाही, जाळायचं नाही, उदबत्तीसुद्धा लावायची नाही. नियम क्रमांक अठरा. त्याखाली द्वारकाची सही होती.

सिद्धेश आत आला तेव्हा ती अजून बरणी धरूनच उभी होती. सिद्धेश तिचा धाकटा दीर. ती या घरात आली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. परवाना दोघांच्या नावावर होता, भट्टी तिची आणि खानावळ त्याची. सकाळपासून तो बांगड्याच्या तिखल्यात बुडालेला होता आणि हातांना लसणाचा वास येत होता.

"वैनी, तू अजून हयच? साडी कधी बदलतलस?"

"ही बरणी बघ."

"बघलंय. माल जास्त गावलो. बरा ना?"

"सिद्धेश, ह्या फावटी रसात काय घातलस?"

त्याने कमरेच्या ॲप्रनला हात पुसले. तेवढ्यावरून तिला कळायचं ते कळलं.

"पावडर," तो म्हणाला. "रसाच्या कारखान्यात घालतत ती. बोंडू कमी होते, वैनी. पस्तीस माणसा येवची. पावडर घातली काय रस आपसूक सुटता. मगे मी काय करूक होया होता?"

द्वारका स्टुलावर बसली. अकरा दिवसांच्या शिक्षणात हा धडा सातव्या दिवशी झाला होता. बोंडाच्या गरात पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो. फळांचा जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळे. पावडर ते पेक्टिन तोडते आणि रस मोकळा होतो. पण तुटताना त्यातून मिथेनॉल सुटतं. नुसता रस प्यायचा असेल तर ते फारसं बाधत नाही. रस आंबवून भट्टीला लावला की तेच मिथेनॉल दारूबरोबर गोळा होतं, आणि तेही फक्त सुरुवातीला नाही, सगळ्या धारेत मिसळून येतं. त्याला वेगळा वास नाही. माणसाच्या नाकाला ते पकडता येत नाही, द्वारकाच्याही नाही. त्यासाठीच तर यंत्र.

"मगे नाकान पास केल्यान मा?" सिद्धेश म्हणाला. "मिथेनॉल आसता तर अख्खो घाणो परत फेकल्यान असतो. फेकल्यान नाय. म्हणजे नाय."

बोलणं सरळ होतं. यंत्र ठीक असेल तर त्याचं म्हणणं खरं. पण जी झोंबरी द्रव्यं तिच्या हाताला अजून कळत होती, ती यंत्राला कळली नव्हती. मग न कळणारं मिथेनॉल तरी त्याला कळलं असेल कशावरून?

तिने मान वर करून यंत्राकडे पाहिलं. भट्टीच्या मागे, सावलीच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला ते बसवलेलं होतं, खोलीतली तीच जागा सगळ्यांत थंड म्हणून. त्याच्या बरोबर खाली, जमिनीत अर्धा रुतलेला, शेंदूर फासलेला चिऱ्याचा दगड होता.

राखणदाराचा, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाचा दगड. तातूंच्या आज्याने मांडलेला. भट्टीची पहिली धार राखणदाराची, हा घरचा रिवाज. रानात भट्टी असतानाही द्वारका रोज सकाळी या दगडावर करवंटीभर धार ओतून, हात जोडून मगच कामाला लागायची. नवी खोली बांधली ती दगड न हलवता, त्याच्या भोवती. यंत्र बसवायला माणसं आली तेव्हा त्यांनी विचारलं, "हा दगड कसला?" द्वारका म्हणाली, "असाच आहे." खरं सांगितलं तर काढायला लावतील, अशी तिला भीती वाटली होती. आणि तेव्हापासून दोन हंगाम, रोज सकाळी पावणेसातला, ती आदल्या दिवशीच्या बरणीतली करवंटीभर धार त्याच दगडावर ओतत आली होती. यंत्राच्या अगदी पुढ्यात. सातला यंत्र हवा ओढायचं.

तिने बरणीचं झाकण काढलं आणि बरणी यंत्राच्या जाळीशी धरली. वासाने तिचे डोळे पाण्याने भरले. छोट्या पडद्यावर हिरवी अक्षरं होती: हवा स्वच्छ. तिने बरणी हलवली, आणखी जवळ नेली. हवा स्वच्छ.

"बंद पडलाहा की काय?" सिद्धेश पुढे आला आणि त्याने जाळीवर टिचकी मारायला हात नेला. त्याच क्षणी पडदा लाल झाला. बाहेरचा वास. त्याने दचकून हात मागे घेतला आणि पडदा पुन्हा हिरवा झाला.

त्याच्या बोटांवरचा लसूण यंत्राला कळत होता. विष कळत नव्हतं.

"बंद नाय पडला," द्वारका म्हणाली. "मीच शिकवलंय तेका. रोज सकाळी थोडा थोडा. हो वास म्हणजे काय नाय, असा."

दोन वर्षं. बरणी रोज किंचित कमी भरत गेली तशी ती खूश होत गेली होती. नव्या तांब्याच्या भांड्याने धार सुधारली, राखणदाराची कृपा झाली, असं तिने शेजारणींना सांगितलं होतं. मागच्या महिन्यात दोन-तीन गिऱ्हाइकं डोकं धरून बसली, तेव्हा उन्हाचा त्रास म्हणून तिने त्यांना सोलकढी पाजली होती. आता ते आठवून तिला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिद्धेशने दार लावून घेतलं. काचेच्या भिंतीपलीकडे वाढपी टेबलांवर फुलं ठेवत होते. पडदा ओढलेला होता तरी त्याने आवाज खाली आणला.

"ऐक. आज गप रव. उद्यापासून दगडार ओतू नको. म्हयन्याभरात नाक ताळ्यार येतला. कोणाक कळाचा नाय."

"आणि आजची माणसा?"

"एकेक पेग पितली. तेवढ्यान कोण मरत नाय. मिथेनॉल किती आसा ता तुका तरी खय ठाव?"

"नाय ठाव. म्हणानच सांगतंय."

"नियम नऊ वाच," सिद्धेश म्हणाला. नियम त्यालाही पाठ होते. "नाकान पास केलेल्या मालाची जबाबदारी भट्टीवाल्याची नाय. काय झाला तरी आपणाक कोण हात लावचो नाय. आणि तू तोंड उघडलस तर अठरा मोडलो म्हणान परवानो जातलो. परत ह्या घराक मिळाचो नाय. कधीच."

ते सगळं खरं होतं. नियम करणाऱ्यांनी यंत्रावर एवढा भरवसा टाकला होता की गप्प बसणाऱ्याला धोका नव्हता, बोलणाऱ्यालाच होता. टाकीचं कुलूप तोडून दारू ओतून द्यावी, तरी परवाना जाणार. नळीला हात लावला, तरी जाणार. सुखरूप राहायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे साडी बदलून बाहेर जाणं आणि हसतमुखाने पेले वाढणं.

"तुका वायट आसा असा वाटता ना?" सिद्धेशने चाखणीच्या नळाखाली पेला धरला. तळाला दोन घोट जमले. "बघ, मीच पितंय. एक वाजेपर्यंत उभो रवलंय तर मुकाट्यान वाढूचा."

त्याने पेला तोंडाशी नेला. द्वारकाने त्याचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी, अंगातल्या सगळ्या ताकदीने. दारू दोघांच्या हातांवर सांडली. या मुलाला तिने न्हाऊ घातलं होतं, पाटी-पेन्सिल घेऊन दिली होती.

"मिथेनॉल लगेच लागत नाय," ती म्हणाली. "दहा-बारा तासांनी लागता. रात्री झोपलस तर सकाळी उठान म्हणतलस, दिवो लाव. आणि दिवो लावलेलो असतलो."

त्याने पेला खाली ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. भट्टी आपली शांतपणे ठिबकत होती.

"दादा आठ म्हयने आत ऱ्हवलो," तो शेवटी म्हणाला. "आता बाहेर आमच्या बापाशीच्या नावाचो बोर्ड लागलो. दिवसाढवळ्या भट्टी लावतंव आमी. आणि ता तू एका वाक्यान घालवतलस?"

"तुजो दादा मराच्या आदी काय म्हणा होतो?"

सिद्धेश सांडलेली दारू फडक्याने पुसू लागला.

"माजी धार साफ होती," द्वारका म्हणाली. "तेका ता म्हणूक गावला. आज गप रवलंय तर माका गावाचा नाय."

"मगे कर तुका काय करूचा ता," तो म्हणाला आणि दार आपटून स्वैपाकघरात निघून गेला.

तिने साडी बदलली. हात साबणाने तीनदा धुतले, तरी तिला वास येतच राहिला.

एक वाजायला दहा मिनिटं असताना गावितबाई आल्या. उंच, सावळ्या, पन्नाशीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्या नंदुरबारकडच्या, नवापूरच्या. खात्यात त्यांचा दरारा होता. एका उदबत्तीपायी त्यांनी एक भट्टी महिनाभर बंद ठेवल्याची गोष्ट अकरा अर्जदारांपैकी प्रत्येकाने ऐकलेली होती. काचेपलीकडे आता पडदा उघडला होता. टेबलं भरली होती. कुणीतरी द्वारकाकडे बघून हात हलवला.

बाईंनी पडद्यावरची नोंद वाचली. "उत्तम. धार छान निघालीय, आरोलकरबाई. उतारा वाढलाय तुमचा." त्यांनी पिशवीतून किल्ली काढली.

सकाळपासून मनाशी घोळवलेल्या वाक्यांतलं द्वारकाला एकही आठवेना. किल्ली कुलपात शिरली.

"मॅडम, उघडू नका."

बाईंचा हात थांबला.

"का?"

"यंत्राला वास येत नाही. माझ्यामुळे."

मग तिने काही लपवलं नाही. बरणी आणली, जाळीशी धरली, हिरवी अक्षरं दाखवली. दगड दाखवला, कोनाड्यातली करवंटी दाखवली. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत चालला होता.

"रोज ओतत होता?"

"रोज. पावणेसातला."

"नियम अठरा तुम्हाला माहीत होता."

"पाठ होता."

"परवाना जाईल, हेही."

"हो."

"आणि या घाण्यात मिथेनॉल आहे असं तुम्हाला का वाटतं? ते तर कुणालाच वासाने कळत नाही."

पावडरीचं नाव घ्यायचं म्हणजे सिद्धेशचं नाव घ्यायचं. द्वारकाने करवंटी कोनाड्यात परत ठेवली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"रसात पावडर मी टाकली, मॅडम. वहिनीला माहीत नव्हतं."

सिद्धेश दारात उभा होता. कमरेचा ॲप्रन त्याने काढून हातात घेतला होता. तो आत आला आणि वहिनीच्या शेजारी उभा राहिला, तिच्याकडे न बघता.

बाईंनी किल्ली कुलपातून काढून घेतली. पिशवीतून कागद काढला, उभ्या उभ्याच लिहिला. भट्टी मोहोरबंद, परवाना रद्द करण्याची शिफारस, टाकीतला माल तपासणीसाठी जप्त. द्वारकाने सही केली. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं; आलं नाही. छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि त्या जागी नुसतं पोकळ दुखत होतं. काचेपलीकडे लोक माना उंचावून बघत होते. आता त्या अकरा जणांचे कागदही अडकणार, हे तिच्या मनात आलं आणि तिला त्यांच्याकडे बघवेना.

कागद घडी करता करता बाई थांबल्या. त्या दगडापाशी उकिडव्या बसल्या. त्यांनी दगडापुढची माती चिमटीत घेऊन हुंगली.

"पहिली धार का ओतता याला?"

"त्याची जागा आहे. आपण नंतर आलो," द्वारका म्हणाली. "त्याला दिल्याशिवाय आपण कसं घ्यायचं?"

बाईंनी मान वर केली नाही. "राज्यात अशा सतरा भट्ट्या आहेत," त्या म्हणाल्या, जणू स्वतःशीच. "काजूच्या तीन. बाकी सगळ्या मोहाच्या. आमच्याकडच्या."

मग त्या झटक्यात उठल्या. वरिष्ठांना फोन लावतील असं द्वारकाला वाटलं. पण बाई फोनवर जे बोलायला लागल्या ते मराठी नव्हतं. त्यांच्या बोलीतला एक शब्द द्वारकाला कळेना. 'दादा' एवढा मात्र कळला. बाई काहीतरी विचारत होत्या, आणि विचारताना त्यांचा मोकळा हात आपोआप पुढे आला. बोटं जवळ घेतलेली, पानाचा द्रोण धरावा तशी. हात मनगटातून हळूच जमिनीकडे कलला.

तो हात द्वारकाला ओळखू आला. तो तिचाच होता, रोज सकाळी पावणेसातचा.

पलीकडून लांबलचक उत्तर आलं. त्या पुन्हा बोलल्या, आधी हळू, मग चढ्या आवाजात, मग विनवणीच्या सुरात. शेवटी त्यांनी फोन कानापासून दूर धरला.

"माझा थोरला भाऊ," त्या म्हणाल्या. "दगडावर ओततो. आई ओतायची तिथंच. यंत्र त्याच्या वरच आहे. आज गावचा बाजार आहे, घर माणसांनी भरलंय, सकाळपासून वाढतोय. बंद कर म्हटलं तर ऐकत नाही. यंत्राने पास केलंय म्हणतो. तू खात्यातली, तुला परवाने काढून घ्यायचेच असतात म्हणतो." निरीक्षकबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"मराठी कळतं त्यांना?" द्वारकाने विचारलं.

"कळतं."

द्वारकाने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"दादा, नमस्कार. मी द्वारका आरोलकर, वेंगुर्ल्याहून बोलतेय. माझी पण भट्टी आहे. म्हणजे होती. पाच मिनिटांपूर्वी तुमच्या बहिणीने माझा परवाना काढून घेतला, मीच सांगितलं म्हणून. आता मी विचारते तेवढं सांगा. सुरुवातीची धार तुम्ही बाजूला काढता, ती मागच्या वर्षी किती निघायची?"

पलीकडे गलका होता. माणसं हसत होती, कुठेतरी ढोल वाजत होता. मग एक जाड, रागावलेला आवाज म्हणाला, "दोन तांबे."

"आणि आज?"

ढोल वाजतच राहिला.

"आज किती, दादा?"

"अर्धा," तो आवाज म्हणाला. राग गेला होता.

"फुलांत पावडर घातली होती?"

"फुलं लवकर विरघळतात. यंदा सगळेच घालतात."

"हात चोळून बघा," द्वारका म्हणाली. "यंत्राकडे बघू नका. चार थेंब तळहातावर घ्या, चोळा आणि हुंगा. तुम्हाला कळतं, दादा. तुमच्या आईने शिकवलं असेल."

फोनमध्ये नुसता गलकाच ऐकू येत राहिला. सिद्धेश वहिनीच्या जवळ सरकला. गावितबाईंनी दोन्ही हातांनी टाकीची कड धरून ठेवली होती. काचेपलीकडे पस्तीस माणसं रिकाम्या पेल्यांपुढे बसून होती आणि एवढा वेळ का लागतोय, हे त्यांना कळत नव्हतं.

मग तिकडे तो माणूस एकदम आपल्या बोलीत ओरडायला लागला. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. ढोल थांबला.

द्वारकाने फोन बाईंच्या कानाशी धरला. "काय म्हणतायत?"

बाईंनी ऐकलं आणि डोळे मिटले.

"पेले खाली ठेवा, म्हणतोय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना."